नांगराची ओढ आणि ट्रॅक्टरचे वजन

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत बेळगावच्या पूर्वेकडील काळ्या जमिनीच्या पट्ट्यात, माझ्या मामांच्या गावी जाण्याचा योग आला. मामांनी नुकताच एक जुना, लहान चणीचा ट्रॅक्टर विकत घेतला होता. यंत्र वयाने थोर असले तरी इंजिन ठणठणीत होते. वळवाची एक सर पडून गेली होती. वरची माती ओलसर व निसरडी, खालची मात्र अजून टणक. मामांनी दोन फाळांचा नांगर जोडून पहिले तास धरले आणि वीस-पंचवीस पावलांवरच मागची चाके जागच्या जागी गरगर फिरू लागली. इंजिन गुदमरत नव्हते, काळा धूर ओकत नव्हते. शक्ती अपुरी पडते आहे असे एकही लक्षण दिसेना. तरी ट्रॅक्टर पुढे सरकेना. 'वजन कमी पडते' असे निदान झाले, बांधावरचे दगड पोत्यांत भरून मागच्या बाजूस बांधण्यात आले, आणि चाके पूर्वीपेक्षा अधिक खोल रुतली.

विद्यार्थी मित्रहो, हे निदान पूर्णपणे चुकीचे नव्हते. पण ते अर्धेच होते. उरलेले अर्धे कोणते, हे पाहावयाचे तर पदार्थविज्ञानाच्या तासाला आपण शिकतो ते घर्षण आणि तरफ यांचे नियम शेतात घेऊन जावे लागतात.

बैलांच्या नांगरटीचे शास्त्र आपल्या वडीलधाऱ्यांना तोंडपाठ असे. बैल पाहून नांगर धरीत आणि नांगर पाहून बैल जुंपीत. याच बेळगावात सायकलींचे दुकान चालविणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली आपला पहिला लोखंडी नांगर तयार केला. पुढे १९१० साली त्यांचा कारखाना औंध संस्थानातील माळावर, म्हणजे आजच्या किर्लोस्करवाडीस गेला. जड लोखंडी नांगर काळ्या रानात खोल घालावयाचा तर एक जोडी पुरत नसे. मग पैऱ्याने शेजाऱ्याचे बैल आणून दोन दोन, तीन तीन जोड्या जुंपाव्या लागत. एका जोडीच्या पाठीवर दगड ठेवून तिच्याकडून दोन जोड्यांचे काम करून घ्यावे, असे मात्र कोणाच्या मनात कधी आले नाही! ट्रॅक्टरच्या बाबतीत आपण नेमके तेच करू पाहतो.

आता थोडे गणित करू. नांगर जमिनीतून मातीचा एक पट्टा कापून उलटवितो. त्या पट्ट्याची रुंदी व खोली यांचा गुणाकार म्हणजे कापाचे क्षेत्रफळ. त्यातील प्रत्येक चौरस सेंटिमीटरमागे जमीन काही ठरावीक विरोध करते. हलक्या रेताड जमिनीत तो पाव किलोच्या आसपास असतो, मध्यम पोयट्याच्या जमिनीत सुमारे अर्धा किलो, आणि चिकण भारी जमिनीत ०.९ किलो किंवा त्याहूनही अधिक. उदाहरणासाठी बारा इंची दोन फाळांचा नांगर घ्या. एकूण रुंदी सुमारे ६० सेंटिमीटर, खोली १५ सेंटिमीटर धरली तर क्षेत्रफळ ९०० चौरस सेंटिमीटर होते. पोयट्याच्या जमिनीत त्याची ओढ ४५० किलो वजनाइतकी, तर भारी जमिनीत ८१० किलो वजनाइतकी. नांगर तोच आणि खोलीही तीच. केवळ माती बदलली.

हा नांगर ओढावयास किती अश्वशक्ती हवी? ताशी साडेचार किलोमीटर, म्हणजे सेकंदास सव्वा मीटर, या वेगाने ४५० किलोची ओढ घ्यावयाची तर ४५० ला १.२५ ने गुणून ७५ ने भागावे. उत्तर येते साडेसात. भारी जमिनीत साडेतेरा. पंचवीस अश्वशक्तीच्या इंजिनाला, गिअर व चाके यांत होणारी घट जमेस धरूनही, हे ओझे सोसण्यासारखे आहे. म्हणूनच मामांचे इंजिन गुदमरले नाही. कमतरता शक्तीची नव्हतीच. ती होती पकडीची.

चाक जमिनीला किती जोराने रेटू शकेल हे त्याच्यावर पडणाऱ्या भारावर ठरते. बऱ्यापैकी घट्ट, वाफशावर असलेल्या रानात रबरी चाक आपल्यावरील भाराच्या साधारण निम्म्याइतकी ओढ देते. भुसभुशीत वा निसरड्या जमिनीत त्याहून कमी. तेव्हा ४५० किलोच्या ओढीसाठी मागच्या चाकांवर सुमारे ९०० किलो भार हवा, आणि ८१० किलोसाठी १६२० किलो.

हे आकडे मनात ठेवून आता आपण एका प्रसिद्ध जुन्या ट्रॅक्टरकडे वळू. आयर्लंडच्या उत्तर भागात, डाउन परगण्यात १८८४ साली जन्मलेला हॅरी फर्ग्युसन हा शेतकऱ्याचा मुलगा होता. १९०९ साली स्वतः बांधलेल्या विमानातून त्याने आयर्लंडमधील पहिले उड्डाण केले. पहिल्या महायुद्धाच्या काळात धान्याची टंचाई पडली असता तेथील शेतीखात्याने ट्रॅक्टरांची कामगिरी सुधारण्याचे काम त्याच्याकडे सोपविले. त्या काळचे ट्रॅक्टर नांगरास साखळीने वा दांड्याने केवळ मागे ओढीत असत. पकड मिळावी म्हणून यंत्रच जड करावयाचे, ही सर्वसाधारण रीत. १९१७ साली निघालेला फोर्डसन ट्रॅक्टर त्या मानाने हलका, सुमारे बाराशे किलोचा होता. पण नांगर एखाद्या खडकात वा मुळात अडकला की मागची चाके अडत, इंजिन आसाभोवती ट्रॅक्टरलाच फिरवू लागे आणि पुढचे तोंड वर उचलून यंत्र चालकाच्या अंगावर पालथे होई. अशा अपघातांत कित्येक जण प्राणास मुकले.

फर्ग्युसनने प्रश्नच उलटा मांडला. ट्रॅक्टरवर लोखंड लादण्याऐवजी नांगराचेच वजन चाकांवर का आणू नये? त्यासाठी त्याने नांगर ट्रॅक्टरला तीन ठिकाणी जोडला: खाली दोन दांडे आणि वर मध्यभागी एक, ज्याला आपले ट्रॅक्टरवाले 'टॉप लिंक' म्हणतात. माती फाळाला मागे रेटते, तेव्हा नांगर आपल्या टोकावर पुढे कलंडू पाहतो. त्यामुळे खालचे दांडे ताणले जातात, पण वरचा दांडा ट्रॅक्टरला पुढे ढकलतो. हा रेटा पुढचे तोंड खाली दाबून ठेवतो. त्याच दांड्यामागे एक स्प्रिंग असते. फाळ कठीण मातीत शिरून ओढ वाढली की स्प्रिंग दबते आणि तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा नांगर किंचित वर उचलते; ओढ कमी झाली की तो पुन्हा खाली येतो. नांगर असा उचलून धरलेला असल्याने त्याचे वजन व त्यावरील मातीचा दाब मागच्या चाकांवर येतो. फाळ खडकात अडकलाच तर स्प्रिंग अतोनात दबून तेलाचा दाब सुटतो, चाकांवरचा भार क्षणात उतरतो, आणि ट्रॅक्टर पालथा होण्याऐवजी चाके निमूटपणे घसरतात. मला तर या साऱ्या रचनेतील ही शेवटची खुबी सर्वांत मोलाची वाटते.

याच पद्धतीवर १९४६ ते १९५६ या काळात इंग्लंडमधील कोव्हेंट्री येथे टीई-२० नावाचे पाच लाखांहून अधिक ट्रॅक्टर तयार झाले. एडमंड हिलरी १९५८ च्या जानेवारीत दक्षिण ध्रुवावर पोहोचला तो याच जातीच्या, पट्टे चढविलेल्या ट्रॅक्टरांवरून. त्याचे वजन अवघे अकराशे किलो. त्यापैकी साधारण सातशे किलो मागच्या चाकांवर. मग पोयट्याच्या जमिनीसाठी लागणारे नऊशे किलो आणावयाचे कोठून? येथे तरफेचा नियम उपयोगी पडतो. पुढच्या व मागच्या आसांतील अंतर १७८ सेंटिमीटर आहे. दीडशे किलोचा नांगर मागच्या आसामागे एक मीटरवर अधांतरी लटकला आहे असे समजा. मागच्या चाकांवर त्याचे दीडशे किलो तर येतातच, शिवाय पुढच्या आसावरचे सुमारे ८४ किलोही उचलले जाऊन मागे येतात. एकूण झाले २३४. चालू नांगरटीत यातील काही भार जमीन झेलते, पण उलटणाऱ्या मातीचे वजन त्यात मिळते. म्हणून दोनशे किलोंची तूट भरून निघते. दोन फाळांचा नांगर या हलक्या यंत्राला मानवला तो असा.

पण भारी जमिनीचे काय? तेथे हवेत १६२० किलो. तूट नऊशेवर जाते. नांगराने दोन-सव्वादोनशे दिले, तरी आणखी सातशे किलो यंत्रावर बांधावे लागतील! एवढा भार सोसण्यासाठी त्याचे टायर, आस आणि गिअर घडविलेलेच नाहीत. याउलट एक फाळ काढून टाकला तर ओढ ४०५ किलोवर येते, आणि तीस लागतात केवळ ८१० किलो. एका फाळाने काम निम्म्या गतीने होते हे खरे, पण होते.

घसरणारे चाक जुन्या यंत्राचे एका परीने रक्षणच करीत असते. घरातील विजेचा फ्यूज जसा स्वतः वितळून बाकीच्या तारा वाचवितो, तसे. वजन बांधून घसरण बंद केली की तोच ताण गिअरच्या दात्यांवर जातो. जुन्या ट्रॅक्टरचा दाता तुटला म्हणजे सुटा भाग मिळविताना काय यातायात होते, हे ज्यांनी सोसले त्यांनाच ठाऊक. शिवाय मऊ रानात वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतकी ओढ नुसते चाक लोटण्यातच खर्च होते, आणि ओल्या मातीवर जड चाक गेले की खालचा थर दडपून घट्ट बसतो.

तथापि थोडे वजन कित्येकदा योग्यच असते. त्यासाठी चाकांना बोल्टांनी बसवावयाची बिडाची वजने मिळतात. दुसरा स्वस्त उपाय म्हणजे टायरमध्ये पाणी भरणे. हवेची नळी सर्वांत वर येईल असे चाक फिरवून नळीच्या पातळीपर्यंत पाणी भरले की सुमारे तीन चतुर्थांश टायर भरतो, आणि वरची हवा उशीसारखी राहते. थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड मिसळतात आणि मग चाकाच्या लोखंडाला गंज चढतो. आपल्याकडे ही अडचण नाही. पुढे बसवावयाच्या वजनांचे काम निराळे आहे. ती पकडीसाठी नसून, नांगर उचलून रस्त्याने जाताना पुढची चाके जमिनीला टेकून राहावीत व सुकाणू ऐकावे यासाठी असतात. दगडांची पोती मात्र कधीही बांधू नयेत. ती सरकतात, सुटतात आणि मागे चालणाऱ्याच्या पायावर पडतात. तसेच अडकलेली गाडी वा लाकडाचा ओंडका ओढण्यासाठी साखळी नेहमी खालच्या दांड्यालाच लावावी. टॉप लिंकच्या जागी साखळी बांधणे म्हणजे फोर्डसनचा जुना अपघात आपल्या हातांनी पुन्हा घडवून आणणे होय.

आणखी एक. वजनाचा विचार करण्यापूर्वी फाळाची धार पाहावी. बोथट फाळाने ओढ वाढते, आणि लोहाराकडची एक खेप शंभर किलो बिडापेक्षा स्वस्त पडते.

चाक किती घसरते हे मोजण्यास खडू आणि टेप पुरते. मामांच्या शेतात आम्ही तेच केले. टायरवर खडूची खूण करून, नांगर वर उचलून चाकाचे दहा फेरे मोजले: ट्रॅक्टर ३७ मीटर गेला. मग नांगर जमिनीत घालून पुन्हा दहा फेरे मोजले, तर अंतर भरले अवघे २७ मीटर. म्हणजे दहा मीटर वाया, शेकडा २७ घसरण. ती शेकडा १० ते १५ असावी. २० च्या वर गेली तर नांगर मोठा आहे किंवा भार अपुरा आहे, आणि ५ च्या खाली राहिली तर यंत्र विनाकारण जड झाले आहे असे समजावे. आमचे मोजमाप चालले असता गावातील एक वृद्ध ड्रायव्हर बांधावर उभे राहून पाहत होते. आकडेमोड न करताच ते म्हणाले, "मालक, ती दगडं काढा आणि मागचा फाळ सोडवा की."

फाळ सोडविला, पोती उतरविली, आणि वाफसा येण्यासाठी दोन दिवस थांबून पुन्हा दहा फेरे मोजले. ट्रॅक्टर ३३ मीटर गेला होता. घसरण शेकडा ११. मामांचे ते शेत पाचव्या दिवशी नांगरून झाले, आणि पोत्यांतले दगड बांधावर होते तेथे परत रचले गेले.