कर्नेलच्या दोषशोधक आज्ञावलीतील नामकरण : एक परीक्षण

प्रस्तुत लेखाचा विषय भाषाशास्त्राच्या अभ्यासकास प्रथमदर्शनी परका वाटण्याचा संभव आहे. संगणकाच्या कार्यप्रणालीचा जो गाभा, ज्याला कर्नेल म्हणतात, त्यातील दोष हुडकण्यासाठी स्वतंत्र आज्ञावली लिहिली जाते. त्या आज्ञावलीत नावे कशी ठेवली जातात व ती कोणत्या दृष्टीने तपासावीत, एवढाच हा विषय होय. (या शब्दाचे रूढ मराठी लेखन 'कर्नल' असे आहे. परंतु तसे लिहिताच डोळ्यांपुढे लष्करातील हुद्देदार उभा राहतो, म्हणून मी येथे 'कर्नेल' लिहितो. नामकरणाचा प्रश्न असा पहिल्या परिच्छेदातच दारात येऊन ठाकला आहे!) मूळ नावे रोमन लिपीत असून ती येथे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत.

यंत्राला नावाचे सोयरसुतक नसते. एखाद्या फंक्शनला 'गणना' म्हटले काय अथवा 'क्ष' म्हटले काय, यंत्रभाषेत भाषांतर होताना उरतो तो केवळ पत्ता. अर्थात नाव हे सर्वस्वी माणसासाठी असते, आणि म्हणूनच ते भाषेच्या अभ्यासकाच्या कक्षेत येते. त्यातही दोषशोधक आज्ञावलीचे स्थान निराळे आहे. इतर आज्ञावली माणूस निवांतपणे वाचतो; ही मात्र यंत्र कोलमडलेले असताना वाचतो. लिनक्सचे कर्नेल अडखळले, म्हणजे कोणत्या फंक्शनने कोणत्या फंक्शनला बोलावले याची उतरंड ते पडद्यावर छापते. फंक्शनांची नावे कर्नेल आपल्याच पोटातील एका कोष्टकात जपून ठेवते, म्हणून ती अशा वेळी हाती लागतात. फंक्शनच्या आतील चलांची नावे मात्र, दोषशोधनासाठी वेगळी माहिती राखली नसेल तर, भाषांतरातच लोप पावतात. लिनक्सच्या लेखनसंकेतांत स्थानिक चलांची नावे आखूड चालतील, सार्वत्रिक फंक्शनांची नावे मात्र अर्थवाहक हवीत, असा दंडक आहे. त्याचे एक कारण या व्यवस्थेत सापडते. त्या संकेतांतच उदाहरण आहे की, कार्यरत वापरकर्ते मोजणाऱ्या फंक्शनचे नाव 'काउंट_ॲक्टिव्ह_यूजर्स' असे पूर्ण असावे, 'सीएनटीयूएसआर' असे स्वर गाळलेले नसावे.

विवेचनासाठी मी केजीडीबी हा दोषशोधक निवडला आहे. त्याचे एक कारण अगदी घरचे आहे. त्याचा मूळ भाग डेव्हिड ग्रोथ व टिग्रन आयवाझियान यांनी लिहिला. परंतु आज लिनक्समध्ये असलेल्या मुख्य फाइलच्या शिरोभागी स्वामित्वहक्काच्या ज्या नोंदी आहेत, त्यांत 2003-2004 या काळापुढे अमित एस. काळे यांचे व 2004-2006 या काळापुढे लिनसिससॉफ्ट टेक्नॉलॉजीज या पुण्याच्या संस्थेचे नाव आहे. त्या वर्षांत केजीडीबी मुख्य लिनक्सच्या बाहेर वाढत होता. लिनस टोरवाल्ड्स यांनी 2000 सालीच कर्नेलमधील दोषशोधकांविषयी आपली नावड उघडपणे सांगितली होती. अखेर 13 जुलै 2008 रोजी प्रसिद्ध झालेल्या 2.6.26 या आवृत्तीत त्याला प्रवेश मिळाला. पुढे ऑगस्ट 2010 मधील 2.6.35 या आवृत्तीत केडीबी नावाचा दुसरा दोषशोधकही त्याच्या शेजारी आला. केजीडीबीत दोन यंत्रे लागतात : एकावर दोष शोधणारा बसतो व दुसरे तारेच्या दुसऱ्या टोकाशी थांबवून ठेवलेले असते. केडीबीत त्याच यंत्राच्या कळफलकावरून आज्ञा देता येतात.

या एकत्र नांदण्यामुळे एक कौटुंबिक म्हणावी अशी अडचण उभी राहिली. दोघांनाही लागणारा सामाईक भाग कोणाच्या नावाने ओळखावा? 2010 मध्ये त्यासाठी 'डीबीजी' हे तटस्थ पूर्वपद वापरण्यात आले. तथापि नामांतर अर्ध्यावरच थांबले, आणि ते सकारण थांबले. निरनिराळ्या प्रोसेसरांसाठी लिहिलेले भाग ज्या नावांनी या गाभ्याला हाक मारीत होते, ती 'केजीडीबी' पूर्वपदाची नावे तशीच राहिली. याचा परिणाम एका ओळीत पाहावयास मिळतो : 'डीबीजी_आयओ_ऑप्स' या चलाचा प्रकार 'केजीडीबी_आयओ' असा घोषित केलेला आहे. चल नव्या घरचा, प्रकार जुन्या घरचा. शिवाय 'डीबीजी' हे पूर्वपद मला पुरेसे नि:संदिग्ध वाटत नाही. 'डेव्ह_डीबीजी' या सर्वत्र आढळणाऱ्या नावात तीच तीन अक्षरे दोषशोधनार्थ छापावयाच्या संदेशाची वाचक आहेत. येथे ती दोषशोधकाची वाचक आहेत. क्रिया आणि कर्ता यांतील भेद इंग्रजीत प्रत्ययाने दाखविला जातो, आणि संक्षेप करताना नेमका तो प्रत्ययच गळतो. मराठीत 'शोधन' आणि 'शोधक' यांचा संक्षेप 'शो' असा केला तर असेच होईल.

जुने नाव बाहेरच्यांच्या तोंडी बसले की ते काढता येत नाही, हा अनुभव आपल्या भाषेला नवा नाही. 1674 च्या राज्याभिषेकानंतर रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून राज्यव्यवहारकोश सिद्ध करविला गेला. मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत झाला. पेशवा मुख्य प्रधान झाला, परंतु पुढील शतकात लोकांनी बाजीरावास पेशवाच म्हटले. 'सचिव' आज मंत्रालयात आहे. 'चिटणीस' हा शब्दही मेला नाही, तो राजकीय पक्षांच्या सरचिटणिसात सुखरूप आहे. जुनी आणि नवी संज्ञा एकमेकींना हुसकून न लावता कामाची वाटणी करून राहतात.

केजीडीबीत याचे हुबेहूब उदाहरण आहे. कर्नेलमधील काही जागा अशा असतात की तेथे यंत्राला थांबविल्यास दोषशोधक स्वत:च सापळ्यात अडकतो. अशा निषिद्ध जागांची यादी केप्रोब्स या दुसऱ्या साधनाने पूर्वीच ठेवली होती व तिला 'ब्लॅकलिस्ट' म्हटले होते. 2020 मध्ये केजीडीबीनेही ती यादी मानावी असे ठरले. त्याच वर्षी लिनक्सच्या लेखनसंकेतांत, नव्या लेखनात 'ब्लॅकलिस्ट' आणि 'मास्टर-स्लेव्ह' यांसारखे शब्द टाळावेत, अशी सूचना समाविष्ट झाली होती. म्हणून नव्या फंक्शनचे नाव 'केजीडीबी_विदिन_ब्लॉकलिस्ट' असे पडले. परंतु त्याच्या आत पाहावे तर ते एकच काम करते : 'विदिन_केप्रोब_ब्लॅकलिस्ट' या जुन्या फंक्शनला विचारते. नवा शब्द दारावर, जुना माजघरात. कोणी याला विसंगती म्हणेल. मला ती क्षम्य वाटते, कारण दोन्ही नावे एकाच वस्तूची आहेत व वाचकाची दिशाभूल होत नाही. परीक्षकाने आपला कठोरपणा याहून गंभीर जागेसाठी राखून ठेवावा.

ती गंभीर जागा म्हणजे 'सेट' हे क्रियापद. नाशिकच्या आमच्या पदव्युत्तर चर्चासत्रात आम्ही केजीडीबीतील ब्रेकपॉइंटविषयीची मोजकी फंक्शने ओळीने वाचली, तेव्हा ती ध्यानात आली. ब्रेकपॉइंट म्हणजे थांबा : आज्ञावलीतील ठरावीक ठिकाणी मूळ आज्ञेच्या जागी यंत्राला थांबविणारी आज्ञा लिहून ठेवावयाची. (इंटेलच्या एक्स 86 कुळात ती एकाच बाइटची असते.) केजीडीबी थांब्यांची एक सारणी ठेवतो, तीत सामान्यत: 1,000 कप्पे असतात, आणि प्रत्येक कप्प्यावर चारपैकी एक अवस्था लिहिलेली असते : 'अनडिफाइन्ड', 'रिमूव्ड', 'सेट' व 'ॲक्टिव्ह'.

आता पाहा. 'डीबीजी_सेट_एसडब्ल्यू_ब्रेक' हे फंक्शन नावाप्रमाणे थांबा 'सेट' करते. परंतु स्मृतीतील आज्ञा ते बदललेली ठेवीत नाही; पत्ता पारखण्यापुरती ती क्षणभर बदलून लगेच पूर्ववत केली जाते. मग ते सारणीत पत्ता टिपते आणि अवस्था 'सेट' अशी लिहिते. आज्ञा टिकून राहील अशी बदलली जाते ती पुढे, यंत्र पुन्हा चालू करावयाच्या वेळी, 'डीबीजी_ॲक्टिव्हेट_एसडब्ल्यू_ब्रेकपॉइंट्स' यात. आणि तेथे हे काम ज्याच्याकडे सोपविले जाते त्याचे नाव काय? 'केजीडीबी_आर्च_सेट_ब्रेकपॉइंट'! म्हणजे वरच्या थरात 'सेट' याचा अर्थ वहीत नोंदणे, खालच्या थरात जमिनीत रोवणे. आणि खालच्याने 'सेट' केल्यावर वरच्याची अवस्था 'सेट' राहत नाही, ती 'ॲक्टिव्ह' होते. 'रिमूव्ह' या क्रियापदाचीही हीच गत आहे. खालचे फंक्शन थांबा 'रिमूव्ह' करते, तेव्हा वरची अवस्था 'रिमूव्ड' न होता पुन्हा 'सेट' होते.

सत्रातील दोन विद्यार्थ्यांनी याच ठिकाणी चुकीचा निष्कर्ष काढला. अवस्था 'सेट' आहे, त्या अर्थी स्मृतीतील आज्ञा बदललेली असलीच पाहिजे, असे ते म्हणाले. हा निष्कर्ष भाषेच्या दृष्टीने निर्दोष व वस्तुस्थितीच्या दृष्टीने चूक आहे. याच समजुतीने कोणी दुरुस्ती लिहिली, तर जी आज्ञा बदललेलीच नाही ती 'पूर्ववत' करण्यासाठी ती दुरुस्ती स्मृतीत लिहू लागेल. चुकीचे नाव म्हणजे केवळ रुचिभंग असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण नीट पाहावे.

दोष इंग्रजी क्रियापदाचा आहे काय? अंशत: आहे. 'सेट' हा शब्द इतका झिजलेला आहे की कोणत्याही कर्मापुढे तो बसतो. आमच्या भागातील द्राक्ष बागायतदार असा घोटाळा करणार नाही. रोपवाटिकेत रोपे नोंदविली म्हणून बाग लावली, असे तो म्हणत नाही. नोंदणे वेगळे आणि लावणे वेगळे. तथापि केवळ मराठी शब्द घातल्याने अडचण सुटेल असेही नाही, कारण आपले 'लावणे' हे क्रियापद 'सेट'इतकेच सैल आहे. दिवा लावतात, बाग लावतात, नावही लावतात.

नावे बदलावयाची तर कोणती, हा व्यवहाराचा प्रश्न आहे. खालच्या थरातील नाव निरनिराळ्या प्रोसेसरांचे भाग आपापल्या परीने भरून काढतात. ते बदलल्यास अनेक ठिकाणी हात घालावा लागेल, आणि जुन्या आवृत्त्यांत दुरुस्त्या नेणाऱ्यांचे काम वाढेल. वरच्या थरातील अवस्थांची नावे मात्र थोड्याच फाइलींत वावरतात. माझ्या मते बदल तेथे व्हावा, आणि 'सेट' या अवस्थेच्या जागी 'नोंदलेला' या अर्थाचे कृदंत यावे.

सत्रात आम्ही चारही अवस्थांना मराठी नावे देऊन पाहिली : कोरा, खोडलेला, नोंदलेला, रोवलेला. त्यांपैकी 'खोडलेला' यावर एका विद्यार्थिनीने आक्षेप घेतला. 'रिमूव्ड' झालेल्या कप्प्यात जुना पत्ता तसाच राहतो, आणि पुढे त्याच पत्त्यावर थांबा मागितला तर तोच कप्पा पुन्हा दिला जातो. दुसऱ्या पत्त्यासाठी मात्र कोरा कप्पा शोधला जातो. खोडलेल्या नोंदीवर कोणी असा हक्क सांगत नाही, असे तिचे म्हणणे. आक्षेप बिनतोड होता. गावाबाहेर गेलेल्या कुळासाठी घर राखून ठेवावे तशी ही अवस्था आहे, आणि तिला एका शब्दाचे नाव आम्हांला त्या दिवशी सुचले नाही.