पंचविसावी महार : चार वर्षांची पलटण

नागपूरजवळच्या कामठीची छावणी छिंदवाड्याकडच्या लोधीखेडा-सौसरच्या माणसाला परकी नाही. १९४२ साली तर छिंदवाडा आणि नागपूर एकाच मध्यप्रांत-वऱ्हाडात होते. त्याच कामठीत महार रेजिमेंटची दुसरी पलटण उभी राहिली. पहिली १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात झाली होती. या दोघींचा इतिहास सांगणारे पुष्कळ भेटतात. ऑगस्ट १९४२मध्ये बेळगावातच उभ्या राहिलेल्या २५व्या पलटणीची मात्र एका ओळीत बोळवण होते.

दोनानंतर एकदम पंचवीस कसे? दुसऱ्या महायुद्धात २५ आणि त्यापुढचे क्रमांक साधारणपणे गॅरिसन पलटणींना मिळत. आघाडीवर लढायचे इतरांनी. यांनी मागे राहून पहारे द्यायचे, बंदोबस्त ठेवायचा. २५व्या महारच्या वाट्याला देशातल्या देशातली अंतर्गत सुरक्षाच आली. महिना कोणता, तर 'छोडो भारत'चा! दुसरी पलटण पुढे ब्रह्मदेशात गेली, पहिली आणि युद्धकाळातच उभी राहिलेली तिसरी वायव्य सरहद्दीवर. बंदोबस्ताच्या नोकरीत पदके कुठून मिळणार?

तरीही या पलटणीला दुय्यम म्हणायला मी तयार नाही. कारण १८९०च्या दशकात महारांची लष्करभरती बंद झाली, ती उघडावी म्हणून अर्जांवर अर्ज झाले. गरज पडली तेव्हा, जून १९१७मध्ये, सरकारने '१११वी महार' उभारली. पहिले महायुद्ध सरल्यावर १९२०मध्ये ती ७१व्या पंजाबीत मिसळली आणि १९२१मध्ये मोडली. दार पुन्हा बंद. सुभेदार रामजी सकपाळांचे चिरंजीव डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४१मध्ये संरक्षण सल्लागार समितीवर आले, तेव्हा त्यांनी या प्रश्नाचा पिच्छा पुरवला. नव्या रेजिमेंटच्या टोपीवरच्या बिल्ल्यात भीमा कोरेगावचा स्तंभ आला आणि 'महार' ही अक्षरे.

१९४६मध्ये २५वी मोडली. पण या खेपेला जवानांना नुसता नारळ मिळाला नाही. बहुतेकांना उरलेल्या तीन पलटणींत सामावून घेतले गेले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात रेजिमेंट मशीनगनवाली झाली, केंद्र कामठीत आले. फाळणीच्या धामधुमीत निर्वासितांच्या काफिल्यांना संरक्षण देणाऱ्यांत याच तीन पलटणी होत्या.

आज केंद्र सागरला, म्हणजे मध्य प्रदेशातच आहे. सौसर-पांढुर्णा भागात कुणाच्या घरी आजोबांचे डिस्चार्ज बुक असेल, तर रद्दीत घालण्याआधी त्यावरचा पलटणीचा क्रमांक तेवढा वाचा.