डोंगराचे पासबुक

३० जुलै २०२५ची संध्याकाळ. आम्ही सगळे टीव्हीपुढे बसलो होतो. ५ वाजून ४० मिनिटांनी श्रीहरिकोट्याहून ‘निसार’ उपग्रह घेऊन अग्निबाण झेपावला. नातवाने टाळ्या पिटल्या. माझी नजर मात्र भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेली. २०१४ साली याच तारखेला, पहाटेनंतर, आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले. दीडशेच्या आसपास माणसे गेली. एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसेना, तेव्हा बाहेर बातमी कळली.

त्यानंतर दोनच महिन्यांनी इस्रो आणि नासा यांनी हा उपग्रह मिळून बांधण्याचा करार केला. दोन्ही घटनांचा तसा काही संबंध नाही. माझ्या मनात मात्र त्यांची गाठ पडली आहे.

बँकेत असताना शेतीकर्जाच्या पाहणीसाठी मी सह्याद्रीतली गावे हिंडत असे. एका वाडीत एका आजींनी मला परसातली भेग दाखवली. “सायेब, गेल्या साली बोट जायाचं, औंदा हात जातोय.” माझ्या फॉर्मात भेगेसाठी रकाना नव्हता. मी ‘तारण पुरेसे’ असा शेरा मारला, चहा घेतला आणि निघालो. पुढे त्या घराला काही झाले नाही, हे त्यांचे नशीब. माझी हुशारी नव्हे.

निसार करतो ते त्या आजींचेच काम. साडेसातशे किलोमीटरांवरून तो रडारच्या लहरी सोडतो. बारा दिवसांनी पुन्हा त्याच जागेवर येतो आणि दोन्ही वेळची मोजमापे ताडून पाहता येतात. आम्ही खतावणी ताडायचो, तशीच. जमीन सेंटिमीटरभर हलली तरी कळते. अंधार, ढग यांचा त्याला अडसर नाही, म्हणजे ऐन आषाढातही त्याचे डोळे उघडे. त्यावर रडार दोन, एक नासाचे, दुसरे इस्रोचे. आणि बारा मीटर व्यासाची अँटेना दोघांत एकच. अगदी संयुक्त खातेच म्हणा ना!

अतिवृष्टीत एका रात्रीत कोसळणारा कडा या बारा दिवसांच्या फेरीत सापडेलच असे नाही. हळूहळू सरकणारा डोंगर मात्र नोंदला जाईल. ही माहिती सर्वांना विनामूल्य खुली ठेवायची, असेही ठरले आहे.

पण वाचकहो, पासबुक भरून मिळाले म्हणजे काम भागत नाही. ते उघडून वाचावे लागते. आकाशातला आकडा उद्या तालुक्याच्या कचेरीत पोहोचेलही. तिथल्या फॉर्मात त्याच्यासाठी रकाना असेल ना?