साय, तबकड्या आणि कागदाची भिंगरी

मराठीत साय, कन्नडात केने. लोणी म्हणजे बेण्णे, ताक म्हणजे मज्जिगे, आणि तुपाशी आलं की दोन्ही भाषा जवळजवळ एकच शब्द बोलतात : तूप आणि तुप्प. आपल्या भागातल्या घरांत हे चारही शब्द दोन्ही भाषांत पोरांना कळतात. पण साय वर येते ती का, आणि ती झटपट वेगळी करणारं यंत्र इतकं महाग का, हा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारत नाही. मी कला शाखेचा माणूस. हे सगळं मी आमच्या कॉलेजातल्या भौतिकशास्त्राच्या सरांना वेळोवेळी छळून समजून घेतलं आहे.

दुधातली चरबी बारीक थेंबांच्या रूपात असते. सरासरी थेंब मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या तीन-चार पट. ती पाण्यापेक्षा हलकी, म्हणून वर चढते. पण एकटा थेंब तासाला दीड-दोन मिलिमीटरच चढतो. म्हणून आपली आजी दूध रात्रभर झाकून ठेवायची, नाहीतर विरजण लावून सकाळी रवीनं घुसळायची. यंत्रात दूध गरगर फिरवतात. पाच सेंटिमीटर त्रिज्येचं भांडं मिनिटाला आठ हजार फेऱ्यांनी फिरलं, तर आतल्या दुधावर पृथ्वीच्या ओढीच्या साडेतीन हजार पट जोर येतो. जड दूध बाहेरच्या भिंतीकडे जातं, साय मधोमध गोळा होते, आणि दोघांना दोन तोट्या. तासांचं काम सेकंदांत.

दूध सतत ओतत राहायचं आणि साय सतत निघत राहायची, असं यंत्र स्वीडनच्या गुस्ताफ द लावालनं 1878 मध्ये केलं. त्याचं पहिलं भांडं आतून पोकळ होतं. 1888 मध्ये जर्मनीच्या क्लेमेन्स फॉन बेख्टोल्सहाइमनं शंकूच्या आकाराच्या पातळ तबकड्या एकावर एक रचायची युक्ती काढली, आणि लावालच्या कंपनीनं ती पुढच्याच वर्षी विकत घेतली. दोन तबकड्यांमध्ये अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास फट असते. थेंबाला मग सेंटिमीटरभर नव्हे, तेवढंच अंतर कापायचं. त्याच आकाराच्या भांड्यातून कितीतरी पट दूध जाऊ लागलं. याच कंपनीचं आजचं नाव अल्फा लावाल. पुण्याजवळ दापोडीचा तिचा कारखाना आपल्यापैकी अनेकांनी रेल्वेतून जाताना पाहिला असेल.

युक्ती अफलातून, पण तिचा हिशेब चुकता करतं कोण? भालकी तालुक्यात माझ्या मावसबहिणीच्या घरी हातानं फिरवायचं असं यंत्र होतं. चार म्हशी, दिवसाला वीसेक लिटर दूध. दोन वर्षांत ते यंत्र माळ्यावर गेलं. मी विचारलं, "अक्का, बिघडलं काय?" ती म्हणाली, "बिघडलं नाही रे. फिरवायला दहा मिनिटं, धुवायला अर्धा तास. एकेक ताटली सुटी करा, गरम पाण्यात घासा, पुन्हा नंबरानं ओवा. एक मागंपुढं झाली की थरथरतंय. त्यापेक्षा रवी बरी, एक काठी धुतली की झालं."

मला वाटतं, स्वस्त यंत्राच्या सगळ्या चर्चेत हे अर्ध्या तासाचं धुणं कुणी धरतच नाही. किंमत म्हणजे फक्त दुकानदाराला दिलेले पैसे नव्हेत.

गंमत अशी की हा विचार शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत झाला होता. पेनसिल्व्हेनियाच्या शार्पल्स कंपनीनं तबकड्याच काढून टाकल्या. एक उंच, अरुंद नळी, ती वरच्या बारीक दांड्याला टांगलेली, दूध खालून आत. जाहिरातींचा सगळा भर धुवायच्या सोपेपणावर. टांगलेली असल्यामुळे नळी आपला तोल बऱ्याच अंशी आपणच सांभाळते. आणखी एक फायदा सरांनी मला कागदावर मांडून दाखवला : सायीवरचा जोर तेवढाच ठेवून भांड्याची त्रिज्या निम्मी केली, तर वेग जेमतेम चाळीस टक्के वाढवावा लागतो, आणि भांड्याच्या पत्र्यावर स्वतःच्या वजनानं येणारा ताण मात्र निम्मा होतो. म्हणजे अरुंद भांडं साध्या पत्र्याचंही चालू शकतं. तोटा एकच, कमी दूध जातं.

फिरत्या भांड्याचा खरा शत्रू त्याचं स्वतःचंच वजन. म्हणूनच मेरठला जन्मलेल्या, आयआयटी कानपूरला शिकलेल्या मनू प्रकाश यांची गोष्ट मला आवडते. 2013 मध्ये युगांडातल्या एका दवाखान्यात त्यांना रक्त फिरवायचं महागडं यंत्र दार अडवायला ठेवलेलं दिसलं. फिरवायला वीज नव्हती. पुढं स्टॅनफर्डला त्यांनी आणि सहकाऱ्यांनी कागदाच्या चकतीत दोरे ओवून आपल्या लहानपणची गुंडीची भिंगरी केली. 2017 च्या जानेवारीत तिचं संशोधन प्रसिद्ध झालं. खर्च वीस अमेरिकन सेंट, वेग मिनिटाला सव्वा लाख फेऱ्या, दीड मिनिटात रक्तातला द्रव वेगळा. कागद हलका, म्हणून फाटत नाही.

पण ती रक्ताच्या थेंबांसाठी. वीस लिटर दूध तिच्यातून कसं जाणार? आणि "मग आपणच स्टीलच्या डब्याचं करू" असं कुणाच्या मनात आलं असेल, तर थांबा. तीन किलोचं भांडं वर सांगितलेल्या वेगानं फिरतं तेव्हा त्यात साठलेली शक्ती पन्नास किलोचं ज्वारीचं पोतं नऊ फुटांवरून पडावं एवढी असते. काठावर एक ग्रॅम जास्त झालं, तर ते साडेतीन किलोनं ओढतं. बीदरचे बिदरी कारागीर जस्ताची सुरई लेथवर सुंदर उतरवतात, पण तोलाचं हे काम वेगळं. चाचणी लोखंडी कवचातच व्हायला हवी.

तबकड्या नसल्या की थोडी चरबी दुधात राहणार, हे खरंच. चांगलं यंत्र साय काढलेल्या दुधात 0.1 टक्क्यापर्यंत चरबी ठेवतं. साध्या नळीनं 0.3 टक्के ठेवली असं धरू. वीस लिटर म्हशीच्या दुधात सव्वा किलोवर चरबी, त्यातली चाळीसेक ग्रॅम जास्त गेली. गेली म्हणजे कुठं? त्याच दुधाचं दही-ताक घरात होतं, पोरांच्याच पोटात जातं. अर्धा तास वाचण्यासाठी मला हा सौदा महाग वाटत नाही. मोठ्या डेअरीला वाटेल, तिचं गणित वेगळं.

हे पडताळून पाहायला परदेशी जायला नको. बीदरला पशुवैद्यकीय विद्यापीठ आहे, कलबुर्गीजवळ महागाव क्रॉसला डेअरी विज्ञान महाविद्यालय, आणि दोन्ही जिल्ह्यांत आयटीआयची पोरं लेथवर उभी आहेत. एक अरुंद नळी, मजबूत कवच, आणि राहिलेली चरबी मोजायला गर्बरची परीक्षा : आम्ल घालून बारीक नळ्या फिरवायच्या, समोरासमोर जोडीनं ठेवून, म्हणजे तोल राहतो. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला एवढं पुरेल. मी अक्काला हे सांगितलं तेव्हा तिनं एकच विचारलं, "धुवायचे तुकडे किती?"

मी म्हटलं, तीन. ती म्हणाली, "मग बघायला येते."