नाडी मोजून मग गोळी

हृदयरोगी घरी आला की औषधांचा भार मुलासुनांवर पडतो. त्यांच्यासाठी डिजॉक्सिन या एकाच गोळीविषयी आम्ही लिहितो. डिजिटॅलिस वनस्पतीपासून मिळणाऱ्या या औषधाच्या कुळाचे गुण विल्यम विदरिंग यांनी १७८५ साली ग्रंथरूपाने मांडले. औषध गुणकारी खरे. पण उपयुक्त मात्रा व विषारी मात्रा यांत अंतर फार थोडे. म्हणूनच परिचारिका गोळीपूर्वी पूर्ण एक मिनिट ठोके मोजते. सवाई जयसिंहांच्या वेधशाळेने जेथे काळ मोजला, त्या आमच्या उज्जैनीत एक मिनिट कोणास जड जाऊ नये! प्रौढाचे ठोके ६० हून कमी भरले तर गोळी न देता डॉक्टरांस विचारावे. मळमळ, अन्नावरील वासना उडणे, वस्तू पिवळसर दिसणे ही विषबाधेची चिन्हे असू शकतात. ‘पित्त झाले असेल’ म्हणून गप्प बसू नये. सोबत लघवीची गोळी चालू असल्यास शरीरातील पोटॅशियम घटून धोका वाढतो. आणि सकाळची गोळी राहिली म्हणून पुढच्या वेळी दोन देऊ नयेत.