क्विबेक : वयाचा नव्हे, अनुभवाचा प्रश्न

कॅनडाच्या फ्रेंचभाषक क्विबेक प्रांतात २० मे १९८० रोजी पहिले सार्वमत झाले. सार्वभौमत्वासाठी वाटाघाटी करण्याच्या बाजूने तेव्हा ४०.४४ टक्के मते पडली. ३० ऑक्टोबर १९९५ च्या दुसऱ्या सार्वमतात हा आकडा ४९.४२ टक्क्यांवर गेला आणि सुमारे ५४ हजार मतांच्या फरकाने कॅनडा अखंड राहिला. पुढे चळवळ ओसरत गेली. २०२२ च्या प्रांतिक निवडणुकीत तर पार्ती केबेक्वा हा स्वातंत्र्यवादी पक्ष १२५ पैकी अवघ्या ३ जागांवर आला. आजोबांचे वेड नातवंडांनी टाकून दिले, इंग्रजी सफाईने बोलणाऱ्या पिढीला फ्रेंचचे सोयरसुतक उरले नाही, असा त्याचा सोपा अर्थ लावला गेला. तो पटण्याजोगा नाही. नव्या पिढीने भाषा सोडली म्हणून तिचे वेगळ्या राष्ट्रावरून मन उडाले असे नव्हे. भाषा सुरक्षित वाटू लागली, म्हणून वेगळे होण्याची निकड कमी झाली.

आजोबांच्या पिढीचा राग पुस्तकी नव्हता. फ्रेंचभाषक बहुसंख्य असूनही मॉन्ट्रियलमध्ये वरच्या हुद्द्यांची भाषा इंग्रजी होती. केंद्राने नेमलेल्या द्विभाषिकता आयोगाने १९६१ ची आकडेवारी तपासली, तेव्हा प्रांतातील १४ वांशिक गटांत फ्रेंच वंशाचे लोक मिळकतीत बाराव्या क्रमांकावर निघाले. १९६० मध्ये सत्तेवर आलेल्या जाँ लसाज यांच्या सरकारने शिक्षण चर्चच्या हातून काढून घेतले, वीज कंपन्या सरकारी केल्या आणि फ्रेंच भाषकांसाठी नोकऱ्यांची दारे उघडली. त्याच मंत्रिमंडळातले रने लेव्हेक १९६८ मध्ये पार्ती केबेक्वाचे संस्थापक झाले आणि १९७६ मध्ये सत्तेवर आले. पुढच्याच वर्षी त्यांनी ‘कायदा १०१’ आणला. दुकानाची पाटी, कचेरीतला कारभार आणि स्थलांतरितांच्या मुलांची शाळा, सगळे फ्रेंचमध्ये. त्यापूर्वी अशी बहुतेक मुले इंग्रजी शाळेत जात. आता दहांतली जवळपास नऊ फ्रेंच शाळेत शिकतात.

गंमत अशी, की फुटून निघू पाहणाऱ्यांनीच केलेल्या या कायद्याने त्यांच्या शिडातले वारे काढून घेतले. इटालियन, हैतीयन, व्हिएतनामी, अरब घरांतली ‘कायदा १०१ ची मुले’ फ्रेंचमध्ये वाढली. त्यांना ती लढून मिळवायची भाषा वाटली नाही, वर्गातली आणि मैदानातली नेहमीची भाषा वाटली. १९९५ च्या पराभवाचे खापर मुख्यमंत्री जाक पारिझो यांनी पैसा आणि ‘वांशिक मते’ यांच्यावर फोडले, तेव्हा हीच मुले दुरावली. फ्रेंच बोलणारा प्रत्येक जण आपला मतदार, हे गणित तिथेच चुकले.

यावर रास्त आक्षेप असा, की कायदा १९७७ चा असताना १९९५ मध्ये पाठिंबा घटण्याऐवजी वाढला कसा? कारण मधल्या काळात भाषेची भीती आणि अपमानाची भावना एकत्र आली. १९८२ ची राज्यघटना क्विबेकच्या संमतीविना लागू झाली. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ फ्रेंच पाट्यांची सक्ती घटनाबाह्य ठरवली. क्विबेकला वेगळे स्थान देणारा मीच लेक करार १९९० मध्ये कोसळला. शिवाय कायद्याखाली शाळा सुरू केलेली पहिली मुले १९९५ मध्ये जेमतेम विशी ओलांडलेली होती.

दुसरा आक्षेप आकड्यांचा. २०१६ ते २०२१ या काळात घरी मुख्यतः फ्रेंच बोलणाऱ्यांचे प्रमाण ७९ वरून ७७.५ टक्क्यांवर आले आणि दोन्ही भाषा येणारे ४६.४ टक्के झाले. पण इंग्रजी येणे म्हणजे फ्रेंच सोडणे नव्हे. घरी अरबी किंवा स्पॅनिश बोलणारा मुलगाही शाळेत आणि कामावर फ्रेंच वापरतो, हे घरच्या भाषेचा आकडा सांगत नाही. तरीही चिंता निराधार म्हणता येणार नाही. इंग्रजीच्या महासागरातल्या साधारण ९० लाखांच्या प्रांताला ती असणारच, म्हणूनच २०२२ मध्ये भाषा कायदा आणखी कडक झाला.

तिसरा आक्षेप सर्वांत ताजा. २०२३ च्या अखेरीपासून पार्ती केबेक्वा जनमत चाचण्यांत पुढे सरकला आणि काही चाचण्यांत तरुणांचा स्वातंत्र्याला पाठिंबा वाढलेला दिसला. मग तरुण निवले कुठे? इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. पक्षाला मत देणे आणि देश सोडायला तयार असणे एक नाही. आणि १९९५ ची कटुता ज्यांनी पाहिलीच नाही, घरभाडे ज्यांना परवडत नाही आणि मॉन्ट्रियलच्या दुकानांत ज्यांच्या कानी पुन्हा आधी इंग्रजी पडते, त्यांची अस्वस्थता नवी आहे. १९८० मध्ये सर्वाधिक उत्साही असलेले तरुणच आज साठी ओलांडलेले आजोबा आहेत. म्हणजे वय काहीच ठरवत नाही; त्या वयात काय अनुभवले, ते ठरवते.

भाषेला अधिकार दिले की फुटीरतेला खतपाणी मिळते, असा युक्तिवाद जगभर केला जातो. क्विबेकचा इतिहास त्याच्या विरुद्ध साक्ष देतो. तिथे भाषेला कायद्याचे बळ मिळाले, तेव्हा वेगळेपणाची धार बोथट झाली. प्रांताला डावलून निर्णय झाले, तेव्हा ती पुन्हा तीक्ष्ण झाली. तिसरे सार्वमत होवो न होवो, ओटावातल्या केंद्र सरकारने हा हिशेब लक्षात ठेवलेला बरा.