व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचा टूडी इको कशासाठी?

घरातला माणूस व्हेंटिलेटरवर असतो आणि डॉक्टर सांगतात, "टूडी इको करायचा आहे." नातेवाइकांच्या मनात शंका येते. दाखल केले ते न्यूमोनियासाठी, मग हृदयाची तपासणी कशाला? काल केली, आज पुन्हा का? शंका रास्त आहे. तिचे उत्तर प्रत्येक घराला माहीत असावे.

इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी छातीतून आत सोडतात. त्या हृदयावर आपटून परत येतात आणि पडद्यावर चालते हृदय दिसते. १९५३ साली स्वीडनमधील लुंड येथे डॉ. इंगे एडलर आणि शास्त्रज्ञ हेलमुथ हर्ट्झ यांनी या तपासणीचा पाया घातला. यात क्ष-किरण नसतात आणि यंत्र खाटेपाशी आणता येते.

अशा रुग्णाचा बीपी अचानक उतरतो, तेव्हा कारणे अनेक असतात. शरीरात पाणी किंवा रक्त कमी असेल, तर सलाइन किंवा रक्त द्यावे लागते. हृदयाचा पंपच अशक्त असेल, तर तेच सलाइन जास्त झाल्यास फुप्फुसात पाणी साचते. तिथे पंपाला बळ देणारे औषध हवे. हृदयाभोवती पाणी भरून हृदय दाबले गेले असेल, तर ते पाणी सुईने काढतात. फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत मोठी गुठळी अडकली, तर हृदयाची उजवी बाजू फुगलेली दिसते. बाहेरून सारे सारखेच वाटते. इको फरक दाखवतो.

रक्तात जंतुसंसर्ग पसरला, की निरोगी हृदयही अशक्त होऊ शकते. व्हेंटिलेटरच्या दाबाचाही हृदयावर परिणाम होतो. म्हणून तपासणी पुन्हा करावी लागते. कधी छातीवरून चित्र स्पष्ट येत नाही. तेव्हा अन्ननलिकेतून नळी घालून इको करतात. त्याचे धोके समजून घेऊनच संमतीची सही करावी.

इको नॉर्मल आला म्हणजे रुग्ण धोक्याबाहेर आला, असे मात्र नाही.

डॉक्टरांना न घाबरता तीन प्रश्न विचारा: बीपी कशामुळे उतरला? इकोत काय दिसले? त्यामुळे उपचारात काय बदल केला? जुना इको रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची यादी सोबत न्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालय असेल, तर पैसे भरण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला भेटा.